मणक्यात इंजेक्शन घेऊन घरी आलात, आता पुढे?

मणक्यातल्या इंजेक्शनबद्दलचे बहुतेक गैरसमज पहिल्या तीन दिवसांत तयार होतात. माणूस दुपारी घरी येतो तेव्हा कंबर हलकी झालेली असते, पायात उतरणारी कळ गायब असते. तो सगळ्यांना फोन करून "सुटलो एकदाचा" म्हणून मोकळा होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ठणका हजर, कधी कधी आधीपेक्षा चढा. मग घरात चर्चा सुरू होते: इंजेक्शन वाया गेलं, चुकीच्या जागी दिलं, उगाच घेतलं.

दोन्ही निकाल घाईचे आहेत. त्या सुईतून सहसा दोन औषधं गेलेली असतात. एक भुलीचं, ते काही मिनिटांत काम सुरू करतं आणि काही तासांत ओसरतं. पहिल्या दिवसाचा आराम त्याचा. दुसरं स्टेरॉइड, म्हणजे मिथाइलप्रेडनिसोलोन, ट्रायमसिनोलोन किंवा डेक्सामेथासोनसारखं औषध. दबलेल्या नसेभोवतीची सूज उतरवणं हे त्याचं काम आणि त्याला वेळ लागतो: साधारण दोन ते सात दिवस, काहींना दोन आठवडेसुद्धा. एक औषध गेलं आणि दुसरं अजून लागू पडलेलं नाही, असा मधला रिकामा काळ असतो. घरी आल्यावरची खरी परीक्षा त्या काळाची.

खालचं सगळं मुख्यतः एपिड्युरल, म्हणजे मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाच्या बाहेरच्या जागेत दिलेलं, इंजेक्शन डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे, कारण पायात जाणाऱ्या सायटिकाच्या दुखण्यासाठी तेच सर्वाधिक दिलं जातं. मणक्याच्या बारीक सांध्यांत किंवा माकडहाडाच्या वरच्या बाजूच्या सांध्यात घेतलं असेल तरी बहुतेक गोष्टी लागू पडतात. तुमच्या डिस्चार्ज कार्डावर याहून वेगळं काही लिहिलं असेल, तर कार्ड खरं.

निघण्याआधी विचारून घ्या

रुग्णालयातून निघायची घाई सगळ्यांनाच असते, पण काही प्रश्न तिथेच उभ्या उभ्या विचारलेले बरे. कोणतं स्टेरॉइड दिलं, किती मात्रा, कोणत्या बाजूला आणि मणक्याच्या कोणत्या पातळीवर, हे कार्डावर लिहिलंय का ते बघा. नसेल तर लिहून मागा. पुढच्या वेळी वेगळे डॉक्टर असले तर याच ओळी कामाला येतात. रात्री-अपरात्री काही झालं तर कोणत्या नंबरवर फोन करायचा तेही विचारा. रिसेप्शनचा नंबर संध्याकाळी बंद होत असेल तर त्याचा उपयोग नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: रक्त पातळ करणारी गोळी बंद केली असेल तर ती नेमकी कधी सुरू करायची. वॉरफेरिन, क्लोपिडोग्रेल, एपिक्सॅबॅन या गोळ्या लवकर सुरू केल्या तर मणक्यात रक्त साकळण्याची भीती. उशिरा सुरू केल्या तर हृदयाला नाहीतर मेंदूला धोका. हा अंदाज घरी बसून कुणी करू नये. तारीख आणि वेळ लिहूनच घ्या.

गाडी स्वतः चालवायची नाही, दुचाकी तर नाहीच. झोपेचं इंजेक्शन दिलं असेल तर पुढचे 24 तास गाडी, दारू आणि महत्त्वाच्या कागदांवर सह्या, तिन्ही बंद. गाडीत बसताना आधी पाठमोरं होऊन सीटवर टेका, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्या. एक पाय आत टाकून कंबर मुरडत बसण्याची सवय आजचा दिवस सोडा.

पहिले काही तास: पायावर विश्वास ठेवू नका

भुलीच्या औषधामुळे एक किंवा दोन्ही पाय जड, बधिर किंवा लटपटते वाटू शकतात. यात घाबरण्यासारखं काही नाही, काही तासांत ते कमी होत जातं. घाबरायचं ते पडण्याला. बाकी गुंतागुंती क्वचितच होतात, तोल जाणं मात्र सहज होतं, कारण दुखणं गेलेलं असतं आणि माणसाला वाटतं आपण ठणठणीत आहोत.

म्हणून उठण्याआधी एक छोटी तपासणी करा. पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसा. एक गुडघा सरळ करून पाय पुढे ताठ करा आणि तसाच थोडा वेळ धरून ठेवा. मग पाऊल वर-खाली हलवा, बोटं आपल्याकडे खेचा. दुसऱ्या पायाने तेच. पाय थरथरला, गुडघा पुरता सरळ होईना किंवा पाऊल वर येईना, तर उभं राहायचं नाही. जमलं तर कुणाचा तरी दंड धरून उभं राहायचं आणि क्षणभर थांबून मगच पाऊल टाकायचं. संडास-बाथरूमला जाताना दाराला आतून कडी लावू नका आणि बाहेर कुणीतरी असू द्या. संकोच वाटेल, पण ओल्या फरशीवर बधिर पाय सटकण्यापेक्षा तो परवडला. जिना चढायचाच असेल तर सोबतचा माणूस चढताना मागे आणि उतरताना पुढे हवा.

लघवी झाली का, याकडे लक्ष ठेवा. सहा-आठ तास उलटूनही होत नसेल, विशेषतः पोट तुंबल्यासारखं वाटत असून होत नसेल, तर सकाळची वाट न पाहता फोन करा.

बधिर जागेवर गरम पाण्याची पिशवी अजिबात नको. कातडी भाजली तरी कळत नाही.

या तासांत आणखी एक काम आहे आणि ते फारसं कुणी सांगत नाही. भुलीचा असर असताना दुखणं किती कमी झालं, याची नोंद ठेवा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे असह्य, या मापाने दर तासाला एक आकडा. एरवी ज्याने कळ येते ती साधी गोष्ट, उदाहरणार्थ खुर्चीत दहा-पंधरा मिनिटं बसणं, पाय साथ देत असतील तर सावकाश करून बघा आणि आकडा लिहा. ही नोंद डॉक्टरांसाठी सोन्यासारखी असते. ज्या नसेजवळ औषध सोडलं तीच दुखण्याचं मूळ असेल, तर या काही तासांत आकडा चांगला खाली येतो. तसूभरही फरक पडला नाही, तर दुखणं कदाचित दुसरीकडून येतंय. दोन आठवड्यांनी "तेव्हा कसं होतं?" असं विचारल्यावर आठवणीतून दिलेलं उत्तर बहुतेक वेळा चुकीचं असतं, म्हणून लिहून ठेवा.

पहिली रात्र

भूल उतरली की सुई टोचलेली जागा दुखते. एखाद्या ठिकाणी मुका मार बसावा तसं. तिथे बर्फ शेका: कापडात गुंडाळून, 15-20 मिनिटं, मग तासभर विश्रांती आणि वाटलं तर पुन्हा. बर्फ थेट कातडीवर ठेवायचा नाही. गरम शेक पहिले दोन दिवस टाळलेला बरा. जागेवर बाम, तेल, मालिश काही नको.

दुखण्यासाठी पॅरासिटामोल सहसा चालते, तीही चिठ्ठीवर लिहिलेल्या मात्रेत. सर्दी-तापाच्या बऱ्याच मिश्र गोळ्यांमध्येही पॅरासिटामोल असते, ती नकळत दुप्पट होऊ देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या मात्र विचारल्याशिवाय नकोत. किडनी, अल्सर, रक्त पातळ करणारी औषधं अशा अनेक गोष्टींवर ते अवलंबून असतं. नेहमीच्या बीपी वगैरेच्या गोळ्या, वेगळं सांगितलं नसेल तर, चालू ठेवायच्या.

झोपताना पाठीवर असाल तर गुडघ्यांखाली उशी, कुशीवर असाल तर दोन गुडघ्यांच्या मध्ये. पोटावर झोपायची सवय असेल तर काही दिवस आवर घाला.

उठताना सरळ उठून बसायचं नाही. आधी दोन्ही गुडघे वाकवा. मग खांदे आणि कमर एकाच वेळी, ओंडका फिरावा तसं, कुशीवर वळा. पाय पलंगावरून खाली सोडता सोडता वरच्या हाताच्या तळव्याने आणि खालच्या कोपराने गादीला रेटा देऊन बसते व्हा. कंबरेला पीळ पडत नाही, यातच सगळं आलं. दोन-चारदा केलं की अंगवळणी पडतं. मागून हाताला धरून ओढणारा मदतनीस मात्र नको. त्या ओढण्याने नेमका नको तो झटका बसतो.

पट्टी दुसऱ्या दिवशी काढली तरी चालते. साधी अंघोळ, वरून पाणी घेऊन, तेव्हा करता येते. टबात बसणं, पोहणं मात्र दोन-तीन दिवस नाही, कारण सुईचं छिद्र बारीक असलं तरी ते थेट आत जाणारं आहे.

दुसरा आणि तिसरा दिवस: हेच ते रिकामे दिवस

दुखणं परत येईल. ते आधीइतकं असेल किंवा थोडं जास्तही. आत सोडलेल्या औषधाने जागा काही काळ चाळवली जाते आणि दोन-तीन दिवसांत ती शांत होते. या काळात बर्फ, सांगितलेली गोळी, थोडं पडणं, थोडं चालणं. एवढंच करायचं.

स्टेरॉइडचे काही खेळ याच दिवसांत दिसतात. गाल आणि गळा लालबुंद होतात, तापतात, कानाच्या पाळ्या गरम लागतात. घरातलं कुणीतरी कपाळाला हात लावून "ताप आहे" असं जाहीर करतं. हाताच्या अंदाजावर जाऊ नका, थर्मामीटर लावा. पारा नेहमीसारखा असेल तर तो स्टेरॉइडचा लालसरपणा, एक-दोन दिवसांत आपोआप जातो. रात्री टक्क जाग, उगाच चिडचिड किंवा उलट अति उत्साह, भूक वाढणं, पायांवर किंचित सूज, बीपी थोडं चढणं, हेही होऊ शकतं. बायकांची पाळी पुढे-मागे होते किंवा मध्येच थोडं रक्त दिसतं. काहींना उचक्या लागतात त्या थांबतच नाहीत. ऐकायला गमतीचं वाटतं, पण ज्याला लागतात त्याची कंबर प्रत्येक उचकीला हादरते. दिवसभर थांबल्या नाहीत तर डॉक्टरांना सांगा, त्यावर औषध आहे.

निद्रानाशासाठी स्वतःहून झोपेची गोळी घेऊ नका, विशेषतः वेदनाशामक म्हणून ट्रामाडोलसारखं काही चालू असेल तर. आणि अशा गोळ्यांनी बद्धकोष्ठता होते हे लक्षात ठेवून पाणी भरपूर प्या. कुंथण्याने पाठीवर जोर येतोच.

मधुमेह असेल तर

हा भाग वाचून सोडून देऊ नका. स्टेरॉइड मणक्यात दिलं तरी त्यातलं काही रक्तात उतरतं आणि साखर वाढवतं. वाढ बहुतेकदा पहिल्या एक-दोन दिवसांत दिसायला लागते आणि आठवडाभर, क्वचित त्याहून जास्त राहू शकते. एरवी शुगर आटोक्यात असणाऱ्यांचेही आकडे दचकवणारे येतात.

पहिला आठवडा दिवसातून तीन-चारदा तपासा आणि लिहून ठेवा. कोणत्या आकड्यापलीकडे फोन करायचा, हे इंजेक्शनच्या आधीच तुमच्या मधुमेहाच्या डॉक्टरांकडून ठरवून घेतलेलं असावं. इन्सुलिनचं युनिट स्वतःच्या मनाने वाढवू नका. आठवड्याने स्टेरॉइडचा असर उतरतो आणि वाढवलेलं इन्सुलिन तसंच राहिलं तर साखर धाडकन खाली येते. खूप तहान, सारखी लघवी, मळमळ, गुंगी यांपैकी काही असेल तर आकड्याची वाट न पाहता दवाखाना गाठा.

उभं राहिल्यावर डोकं दुखतंय?

या डोकेदुखीची एक ठळक खूण आहे: बसलं-उभं राहिलं की डोकं फुटायला येतं, आडवं झालं की काही मिनिटांत उतरतं. कधी कधी मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाला सुईने बारीक छिद्र पडतं, त्यातून आतला द्रव झिरपतो आणि म्हणून हे होतं. सुरुवात बहुतेकदा पहिल्या दोन-तीन दिवसांत. सोबत मान अवघडणं, मळमळ, कानात आवाज असू शकतो.

डॉक्टरांना कळवा, पण धीर सोडू नका. सौम्य असेल तर पडून राहणं, पाणी आणि साधी वेदनाशामक गोळी यांवर बहुतेकांचं थांबतं. कॉफीनेही काहींना तात्पुरता आराम पडतो. नाही थांबलं तर रुग्णाचंच थोडं रक्त हाताच्या शिरेतून घेऊन त्या जागी सोडतात, ते गोठून छिद्र बुजवतं. ऐकून अंगावर काटा येतो, पण उपाय चांगला आहे आणि आराम अनेकदा त्याच दिवशी पडतो.

आडवं होऊनही न थांबणारी, ताप असलेली किंवा उजेड सहन होऊ न देणारी डोकेदुखी यात मोडत नाही. ती खालच्या यादीत.

वाट न पाहता रुग्णालयात

हे क्वचित घडतं. पण घडलं तर तासांचा हिशेब असतो, म्हणून ही यादी घरातल्या दुसऱ्या माणसालाही वाचायला द्या.

- भूल ओसरल्यानंतरही पायातली ताकद जात चालली आहे, किंवा आधी नव्हती अशी नवी कमजोरी आली आहे.
- लघवी तुंबली आहे, किंवा लघवी-शौचावर ताबा राहिलेला नाही.
- मांड्यांच्या आतल्या बाजूला, गुप्तांगाभोवती, शौचाच्या जागेभोवती बधिरपणा. खोगिरावर बसल्यावर टेकतो तो सगळा भाग.
- 38 अंश सेल्सिअस किंवा 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप, हुडहुडी, मान ताठ होणं.
- आडवं होऊनही न थांबणारी, ताप असलेली किंवा उजेड सहन होऊ न देणारी डोकेदुखी.
- सुईच्या जागी वाढत जाणारी लाली, सूज, पू किंवा पाण्यासारखा स्राव.
- पाठीत रोज वाढत जाणारं, कूस बदलून, गोळी घेऊनही न बधणारं दुखणं.
- श्वास लागणं, ओठ-चेहऱ्यावर सूज, अंगभर गांधी, छातीत दुखणं.

पाठीच्या वाढत्या दुखण्याबद्दल जरा थांबून सांगतो. स्टेरॉइड सूज दाबतं तसं तापही दाबू शकतं. त्यामुळे "ताप नाही ना, मग संसर्ग नसेल" हा हिशेब इथे चुकू शकतो. नेहमीच्या ठणक्याची दिशा दोन-तीन दिवसांनी उताराची असते. चौथ्या-पाचव्या दिवशी ती चढाची असेल तर ताप नसला तरी दाखवा. संसर्ग उशिराही डोकं वर काढतो. 2012 मध्ये अमेरिकेत दूषित स्टेरॉइडच्या कुप्यांमुळे शेकडो लोकांना बुरशीचा संसर्ग झाला, त्यातल्या अनेकांना लक्षणं इंजेक्शननंतर काही आठवड्यांनी दिसली. तो प्रकार अपवादात्मक होता, पण महिन्याभरात ताप आला आणि डॉक्टर वेगळे असले, तरी "मणक्यात इंजेक्शन घेतलं होतं" हे वाक्य तोंडून गेलंच पाहिजे.

हालचाल किती, काम कधी

अंथरुणाला खिळून राहू नका. पहिला दिवस आरामाचा, पण तोही घरातल्या घरात उठत-बसत. दुसऱ्या दिवसापासून सपाट जमिनीवर पाच-दहा मिनिटांच्या फेऱ्या, दिवसातून तीन-चार वेळा. एका दमात अर्धा तास चालण्यापेक्षा हे बरं. दोन-तीन दिवस जड उचलणं, वाकून फरशी पुसणं, कंबरेतून मुरडून मागची वस्तू घेणं बंद. लहान मूल कडेवर घेणं हेही जड उचलणंच. मुलाला मांडीवर चढू द्या, आपण वाकू नका.

बसून करायचं काम असेल तर बरेच जण एक-दोन दिवसांत रुजू होतात. दर अर्ध्या तासाने उठायचं, हा नियम मात्र पाळा. अंगमेहनतीचं काम असेल तर डॉक्टरांकडून तारीख घ्या, आठवडाभर तरी हलक्या कामाची चिठ्ठी मागा.

गंमत अशी की खरी चूक दुखत असताना होत नाही, थांबल्यावर होते. सहाव्या-सातव्या दिवशी कंबर मोकळी वाटते आणि महिनोन् महिने तुंबलेली कामं एका रविवारी काढली जातात. दोन मणक्यांमधली सरकलेली गादी (डिस्क) इंजेक्शनने जागेवर गेलेली नसते, फक्त नसेभोवतीची सूज उतरलेली असते. माझ्या मते या इंजेक्शनचा सगळा उपयोग त्याने मिळवून दिलेल्या या आठवड्यांत काय केलं यावर आहे. दुखण्यामुळे जे व्यायाम जमत नव्हते ते आता जमतात. तेव्हा फिजिओथेरपिस्टची वेळ इंजेक्शनच्या आधीच, साधारण आठवड्यानंतरची घेऊन ठेवा. बरं वाटल्यावर घेऊ म्हटलं की ती घेतली जात नाही.

दोन आठवड्यांनी

आता निकाल लावा. रोज एक आकडा लिहिला असेल तर कागद समोर ठेवला की दिसतं. नुसता दुखण्याचा आकडा पुरेसा नाही, त्याच्या शेजारी एक-दोन कामं लिहा: किती वेळ बसता आलं, किती चालता आलं, रात्री किती वेळा जाग आली. आकडा सातावरून पाचावरच आला, पण माणूस रात्रभर झोपू लागला, तर फायदा झाला आहे.

डॉक्टरांकडे गेल्यावर चित्र साधारण तीन प्रकारचं असतं. भुलीच्या तासांत आराम पडला आणि नंतरही टिकला: जागा बरोबर, औषध लागू, आता व्यायाम. भुलीच्या तासांत आराम, पण नंतर काहीच नाही: जागा बहुधा बरोबर, पण सुजेपेक्षा दाब जास्त असू शकतो, पुढचा मार्ग वेगळा असेल. दोन्ही वेळा काही नाही: दुखण्याचं मूळ पुन्हा शोधायला हवं. याच कारणासाठी पहिल्या दिवसाची ती नोंद इतकी आग्रहाने सांगितली.

असर टिकला तर काही आठवडे ते काही महिने टिकतो. पुन्हा घ्यायचं का, हा प्रश्न येतोच. बहुतेक डॉक्टर एकाच भागात वर्षाला तीन-चारच्या पुढे जात नाहीत, कारण स्टेरॉइडचा हिशेब शरीरात जमा होत जातो: हाडं ठिसूळ होणं, शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तात्पुरतं कमी बनणं. गुडघ्यात, खांद्यात घेतलेलं इंजेक्शन किंवा दम्यासाठी घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्याही या हिशेबात धरायच्या. पहिल्याने अजिबात फरक पडला नसेल आणि तरी "तीनचा कोर्स पूर्ण करू" असं कुणी म्हणालं, तर का, हे विचारा. पहिलं काय सांगून गेलं ते बघूनच दुसऱ्याचं ठरवायचं असतं. पुढच्या काही आठवड्यांत एखादी शस्त्रक्रिया, दातांचं मोठं काम किंवा लस ठरली असेल तर त्या डॉक्टरांनाही इंजेक्शनची तारीख सांगा आणि कार्डाचा फोटो फोनमध्ये ठेवा.